उत्तर येत नसेल तर सोडायचे की ठोकायचे?

बारावीतली एक मुलगी डिसेंबरात क्लॅट देते आणि बोर्डाची परीक्षा आटोपल्यावर उन्हाळ्यात राज्याची विधी सीईटी. दोन्हींत १२० प्रश्न, १२० मिनिटे, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. दोन्हींत तिला काही प्रश्न अडतात. घरी विचारले तर आई म्हणते, ‘येत नाही ते सोडून दे, उगाच गुण कापले जातील.’ क्लासमधला मित्र म्हणतो, ‘काहीतरी ठोकून दे, लागला तर लागला.’ कोणाचे ऐकायचे?

आईचा सल्ला सीईटीत सरळसरळ नुकसानीचा आहे. मित्राचा सल्ला क्लॅटमध्ये कधी फायद्याचा, कधी धोक्याचा आहे. मुलगी तीच आणि तिची तयारीही तीच, तरी उत्तर बदलते, कारण दोन्ही परीक्षांची बांधणी वेगळी आहे. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीत ‘किती वाचू’ हा प्रश्न सगळेच विचारतात. परीक्षा कशी बांधली आहे, हा प्रश्न फार थोडे विचारतात. तो आधी सोडवला, तर काय वाचायचे, किती वाचायचे आणि काय सोडायचे यांतले बरेच निर्णय सोपे होतात.

कोणती परीक्षा कुठे नेते

देशातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा म्हणजे क्लॅट. ती २००८ मध्ये सुरू झाली. त्याआधी प्रत्येक विद्यापीठ आपापली परीक्षा घेई आणि मुलांना गावोगाव फिरावे लागे. आता विद्यापीठांचा संयुक्त संघ ती घेतो. महाराष्ट्रातली मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली राष्ट्रीय विधी विद्यापीठेही क्लॅटमधूनच प्रवेश देतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र या संघाबाहेर आहे, त्याची एआयएलईटी ही वेगळी परीक्षा असते.

राज्यातल्या बाकी विधी महाविद्यालयांसाठी विधी सीईटी आहे. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ती २०१६ पासून घेतो. १८५५ मध्ये स्थापन झालेले मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा १९२४ पासूनचे पुण्याचे आयएलएस यांसारख्या ठिकाणी जायचे तर रस्ता हाच. सीईटी दोन प्रकारची असते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एक, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दुसरी.

दोन्ही परीक्षांतला एक फरक मराठी माध्यमातल्या मुलांसाठी सगळ्यात मोठा आहे. क्लॅटचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. सीईटीत इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न मराठीतही वाचता येतात. दुसरा फरक खर्चाचा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे शुल्क वर्षाला काही लाखांच्या घरात जाते, नुसता क्लॅटचा अर्जच गेल्या काही वर्षांत खुल्या गटाला ४००० रुपयांना पडतो. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क त्यापुढे अगदीच किरकोळ. म्हणून ‘दोन्ही देऊन बघू’ असे म्हणण्याआधी घरात बसून एक गोष्ट बोलून घ्यावी : क्लॅट निघाली तर पाच वर्षांचा खर्च पेलणार आहे का, आणि शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज घ्यायची तयारी आहे का?

पाव गुणाचे गणित

क्लॅटमध्ये बरोबर उत्तराला १ गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापला जातो. कोऱ्या प्रश्नाला शून्य. आता समजा, १२ प्रश्न असे आहेत की मुलीला त्यातले काहीच कळत नाही. तिने डोळे मिटून पर्याय निवडले. चारांतून एक या हिशेबाने सरासरी ३ बरोबर येतील, ९ चुकतील. मिळाले ३, कापले गेले २.२५. उरले ०.७५. म्हणजे आंधळा अंदाजसुद्धा सरासरीने किंचित फायद्यातच जातो!

आता यातला एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढे तिला कळले, असे धरू. तीनांतून एक निवडायचा. मग १२ पैकी ४ बरोबर, ८ चूक, हाती २ गुण. दोन पर्याय बाद करता आले तर ६ बरोबर, ६ चूक, हाती साडेचार गुण. एकेक पर्याय खोडला की मोबदला झपाट्याने वाढतो. प्रवेशपरीक्षेतले अर्धवट ज्ञान वाया जात नाही ते असे. पूर्ण उत्तर माहीत नसले तरी ‘हे नक्की नाही’ एवढे कळणे गुणांत मोजले जाते.

मग आईची भीती खोटी का? तसेही नाही. सरासरी म्हणजे हमी नव्हे. बारा प्रश्नांवर आंधळे अंदाज लावणाऱ्या दहा मुली घेतल्या, तर त्यांतल्या साधारण चौघींचे गुण उलट घटतील, कारण तीनऐवजी दोनच किंवा त्याहून कमी उत्तरे बरोबर येणे मुळीच दुर्मीळ नाही. दोन पर्याय खोडून अंदाज लावणाऱ्या शंभर मुलींत मात्र असा तोटा दोघींनाच होईल.

शिवाय चुकीचे पर्याय काही सहज म्हणून लिहिलेले नसतात. प्रश्न काढणारा माणूस विद्यार्थी नेहमी कुठे घसरतात ते ओळखून तिथेच एक पर्याय ठेवतो. म्हणून अर्धवट वाचून ‘हे बरोबर वाटते’ असे ज्यावर बोट जाते तो पर्याय सापळा असण्याची शक्यता बरीच असते. क्लॅटसाठी नियम सांगायचा तर असा : निदान एक पर्याय कारणासह खोडता आला तर उत्तर द्या. काहीच खोडता येत नसेल तर पुढे चला, त्या प्रश्नावर वेळ घालवण्यात राम नाही.

गुणकपात किती हे बघणे का महत्त्वाचे, ते यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेवरून कळते. तिथे चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. त्याच बारा अंदाजांत ३ प्रश्नांचे गुण मिळतात आणि ३ प्रश्नांचेच जातात, हाती शून्य. मोठी बहीण यूपीएससी देत असेल तर तिचा सल्ला धाकटीने जसाच्या तसा उचलू नये, तो याच कारणासाठी.

सीईटीत तर गुणकपातच नाही. बारा आंधळ्या उत्तरांचे सरासरी तीन गुण अगदी फुकट. त्यामुळे शेवटची दोन-तीन मिनिटे राखून ठेवून उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काही ना काही उत्तर नोंदवणे हा तयारीचाच भाग आहे. पण क्लॅटसाठी महिनोन् महिने ‘सोडायची’ सवय लावून घेतलेली मुले सीईटीतही नकळत कोरे प्रश्न ठेवतात. म्हणून क्लॅट झाली की सीईटीचे काही सराव पेपर खास या एका सवयीसाठी सोडवावेत.

दोन तास आणि दहा हजार शब्द

१२० मिनिटांत १२० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. ऐकायला ऐसपैस वाटते. क्लॅटमध्ये हा हिशेब फसतो, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक प्रश्न एखाद्या उताऱ्यावर असतो आणि उतारा साधारण ४५० शब्दांचा. असे बावीसएक उतारे धरले तर सुमारे दहा हजार शब्द होतात. मिनिटाला २५० शब्द समजून वाचणाऱ्या मुलाची ४० मिनिटे वाचनात जातील, प्रश्नांसाठी ८० उरतील. प्रश्नाला ४० सेकंद. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्याची मात्र ६६-६७ मिनिटे वाचनातच संपतील, आणि प्रश्नामागे सत्तावीस सेकंद हाती राहतील. दोघांचे ज्ञान सारखे असले तरी दुसरा हरतो.

म्हणून क्लॅटच्या तयारीत वाचनाचा वेग हा वेगळा विषय मानायला हवा. तो घाईघाईने डोळे फिरवून वाढत नाही. वाचन अडते ते तीन कारणांनी. शब्द अनोळखी असतात, वाक्ये लांबलचक असतात आणि विषयच परका असतो. मराठी माध्यमातल्या मुलांच्या बाबतीत चौथे कारण म्हणजे प्रत्येक वाक्य मनात मराठीत उलथवत पुढे जाण्याची सवय. यावर उपाय म्हणून रोज इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख वाचावा आणि संपल्यावर, लेखकाचे म्हणणे काय आणि त्यासाठी तो कोणते कारण देतो, हे दोन वाक्यांत स्वतःला सांगावे. ते मराठीत सांगितले तरी चालेल. अख्ख्या उताऱ्याचा अर्थ एकदम पकडायला मन शिकले की वाक्यागणिक भाषांतर आपोआप मागे पडते.

तिसऱ्या कारणावर मराठी वृत्तपत्रही कामी येते. राज्यपालांचे अधिकार किंवा निवडणूक रोख्यांवरचा निकाल मराठीत नीट समजून घेतलेला असेल, तर त्याच विषयावरचा इंग्रजी उतारा निम्म्या कष्टात वाचून होतो. विषय ओळखीचा असला की अनोळखी शब्दही संदर्भाने कळतात. तेव्हा ‘आता फक्त इंग्रजीच वाच’ हा हट्ट धरण्याचे कारण नाही.

वेगाला मर्यादा असतेच, मग उरतो तो वेळेच्या वाटणीचा प्रश्न. आठवडी बाजारात ठरावीक पैसे घेऊन गेलेली बाई पहिल्याच गाड्यावर अर्धे पैसे आंब्यांवर घालवत नाही. ती आधी मीठ-मिरची, डाळ, कांदे-बटाटे घेते आणि उरलेल्या पैशात आंब्यांकडे बघते. पेपरातही चालू घडामोडींचा विभाग आधी संपवावा, असे बरेच जण ठरवतात ते याच कारणाने. तिथे उत्तर एकतर येते किंवा येत नाही, घासाघीस करून उपयोग नसतो. तर्काच्या एखाद्या चमत्कारिक कोड्यावर मात्र सहा मिनिटे सहज उडतात आणि मिळतो तो एकच गुण. कोणता विभाग आधी, कोणता शेवटी, हे प्रत्येकाने सराव पेपरांतून स्वतःपुरते ठरवावे आणि परीक्षेच्या दिवशी बदलू नये.

याच हिशेबात गणिताचे काय करायचे तेही ठरते. क्लॅटमध्ये गणिताचा वाटा सुमारे १० टक्के, म्हणजे दहा ते चौदा प्रश्न, आणि पातळी दहावीची : टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, तक्त्यावरून हिशेब. कला शाखेतली पुष्कळ मुले हा विभाग सरसकट सोडतात. तो सोडणे म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच डझनभर गुणांवर पाणी सोडणे. सगळे प्रश्न येण्याची गरज नाही, पण सहा-सात हमखास यावेत एवढी तयारी दहावीच्या पुस्तकातूनही होते.

कायदा न शिकता कायद्याचे प्रश्न

‘आम्ही अजून कायदा शिकलोच नाही, मग प्रश्न कसे सोडवायचे?’ ही शंका दरवर्षी येते. क्लॅटच्या कायदाविषयक विभागात आधीचे ज्ञान लागत नाही. उताऱ्यात एक तत्त्व दिलेले असते, प्रश्नात एक घटना असते. तत्त्व घटनेला लावून बघायचे, एवढेच काम.

उदाहरण घेऊ. तत्त्व : दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत परवानगीशिवाय शिरणे म्हणजे अतिक्रमण. त्यासाठी नुकसान झाले असलेच पाहिजे असे नाही. घटना : गल्लीत क्रिकेट खेळताना रोहनचा चेंडू शेजारच्या देशपांड्यांच्या आवारात पडतो. घरात कोणी नसते. रोहन भिंतीवरून उडी मारतो, चेंडू घेतो, एकाही कुंडीला धक्का न लावता परत येतो. देशपांडे तक्रार करतात. पर्याय : १) नुकसान झाले नाही, म्हणून अतिक्रमण नाही. २) हेतू वाईट नव्हता, म्हणून अतिक्रमण नाही. ३) परवानगीशिवाय शिरला, म्हणून अतिक्रमण आहे. ४) चेंडू त्याचाच होता, म्हणून त्याला जाण्याचा हक्क होता.

आपले मन रोहनच्या बाजूने असते. एवढ्याशा गोष्टीची कसली तक्रार! पण तत्त्वात फक्त दोन गोष्टी आहेत, दुसऱ्याच्या ताब्यातली जागा आणि परवानगीचा अभाव. दोन्ही इथे आहेत. हेतूबद्दल तत्त्व बोलत नाही, चेंडूच्या मालकीबद्दल बोलत नाही आणि नुकसान लागत नाही असे स्वच्छ सांगते. उत्तर तिसरे. पहिला पर्याय तत्त्व अर्धवट वाचणाऱ्यासाठी, दुसरा कनवाळूपणे विचार करणाऱ्यासाठी आणि चौथा व्यवहारज्ञानावर भिस्त ठेवणाऱ्यासाठी ठेवलेला सापळा आहे. तत्त्वाचे तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा घटनेत सापडतो का ते बघायचे, ही सवय सरावाने लागते. उलट, कुठेतरी वाचलेला कायदा आठवून दिलेले तत्त्व मोडीत काढणारा हुशार विद्यार्थी इथे हमखास चुकतो.

सीईटीचे तसे नाही. तिथे तर्काच्या जोडीला प्रत्यक्ष माहितीही विचारली जाते : राज्यघटनेतली कलमे, मूलभूत हक्क, न्यायालयांची रचना, कायद्यातल्या लॅटिन संज्ञा. म्हणून राज्यघटनेचे मूलभूत वाचन सीईटीसाठी लागतेच. पुस्तक घेताना मात्र एक तपासणी करावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. पिढ्यान् पिढ्या पाठ असलेले खुनाचे ३०२ कलम आता १०३ आहे आणि बोलीभाषेत रुळलेली ‘चारसोबीशी’ आता ३१८ व्या कलमात गेली आहे. दादाने वापरलेले, अधोरेखित केलेले जुने मार्गदर्शक घरात असेल तर तर्काच्या सरावासाठी ते जरूर वापरा, फौजदारी कायद्यासाठी नवे घ्या.

चालू घडामोडींना तळ नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि सगळ्यात कमी समाधान देणारा विभाग हाच. क्लॅटमध्ये त्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, म्हणून सोडताही येत नाही. मुले रोज दोन-दोन तास टिपणे काढतात आणि महिन्याभरात ती विसरतात. त्यात आळसाचा दोष नाही, आठवण तशीच चालते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत झपाट्याने गळते, पुढे गळती मंदावते. ठरावीक अंतराने उजळणी केली तर ती थांबवता येते.

उजळणी कशी करायची, हा पुढचा निर्णय. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, तो मिटून, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणे वाचून ‘सगळे येते’ असे का वाटते आणि पेपरात का आठवत नाही, याचे उत्तर या प्रयोगात आहे. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचे वाटण्यालाच आपण येणे समजतो.

तेव्हा चालू घडामोडींसाठी टिपणे थोडी, प्रश्न जास्त. वहीच्या डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. उजवे पान झाकून दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने स्वतःला विचारायचे. रोजचा वेळही आधीच बांधून घ्यावा, पाऊण तास म्हणजे पाऊण तास. तळ नसलेल्या विहिरीत कितीही दोर सोडला तरी तो पुरत नाही.

मॉकचे गुण आणि मॉकमधून शिकणे

सराव पेपर, म्हणजे मॉक, दोन कामांसाठी असतात. एक, आपण कुठे आहोत ते मोजणे. दुसरे, चुकांतून शिकणे. बहुतेक मुले पहिल्यावरच थांबतात. गुण बघितले, आनंद किंवा दुःख केले, पुढचा पेपर घेतला.

मोजण्याचे काम एका पेपराने होत नाही. पेपर सोपा-अवघड असतो, झोप झालेली असते-नसते, चार अंदाज लागतात-चुकतात. मागच्या वेळी ७८ आणि आज ७१ मिळाले तर सात गुणांनी ‘घसरण’ झाली असे म्हणायला आधार नाही. शेवटच्या चार-पाच पेपरांची सरासरी वर जाते आहे की खाली, एवढेच बघावे.

शिकण्याचे काम पेपर सुटल्यावर सुरू होते. प्रत्येक चुकीला तीनांपैकी एका खान्यात टाकावे. माहितीच नव्हती. माहिती होती, पण वाचताना किंवा विचार करताना चूक झाली. वेळ पुरला नाही. पहिल्या खान्यावर उपाय अभ्यास हाच आहे. दुसऱ्या खान्यावर आणखी पुस्तके वाचून काही होत नाही. तिथे प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द अधोरेखित करण्यासारख्या बारीक सवयी लागतात. तिसऱ्यावर प्रश्न सोडण्याचा सराव लागतो. दुसरा आणि तिसरा खाना भरलेला असताना मुले नवा क्लास लावतात किंवा नवे पुस्तक आणतात, आणि गुण का वाढत नाहीत म्हणून हैराण होतात. दोन तासांच्या पेपराला दोन तासांची तपासणी द्यावी. आठवड्याला चार पेपर नुसते सोडवण्यापेक्षा एक पेपर असा तपासलेला बरा.

क्लॅट कागदावर होते, उत्तरे पेनाने गोल भरून द्यायची असतात. सीईटी संगणकावर असते. घरचा सराव ज्या-त्या पद्धतीनेच करावा. १२० गोल भरायलाच काही मिनिटे लागतात, आणि ही मिनिटे मोबाइलवर मॉक देणाऱ्याच्या हिशेबात कधी येतच नाहीत.

पर्सेंटाइलचा अर्थ

सीईटीला बसणाऱ्यांची संख्या मोठी असली की परीक्षा अनेक सत्रांत घ्यावी लागते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. सकाळचा पेपर अवघड निघाला आणि दुपारचा सोपा, तर नुसत्या गुणांची तुलना अन्यायाची ठरेल. म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या शंभरांपैकी पंचाण्णव जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत. ते ९५ टक्के गुण नव्हेत. अवघड पेपरात १२० पैकी ८५ गुणांवरही वरचे पर्सेंटाइल मिळू शकते.

याचा तयारीशी संबंध असा की पेपर अवघड लागला म्हणून परीक्षाकेंद्रात खचण्याचे कारण नसते. तो सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड लागला आहे. क्लॅट एकाच सत्रात होते, तिथे गुणांवरून थेट क्रमांक लागतो, पण न्याय तोच. गुण सारखे पडले तर क्लॅटमध्ये आधी कायदाविषयक विभागाचे गुण बघतात, मग ज्याचे वय जास्त तो वर, आणि तरीही बरोबरी राहिली तर संगणकावर चिठ्ठ्या. मधल्या पट्ट्यात मुलांची गर्दी असल्याने एका गुणात शेकडो क्रमांकांचा फरक पडू शकतो.

┌──────────────
चौकट : एका नजरेत

क्लॅट (पाच वर्षांचा अभ्यासक्रम)
• १२० प्रश्न, १२० मिनिटे, कागदावर, फक्त इंग्रजीत
• चुकीला ०.२५ गुण वजा
• उताऱ्यांवर आधारित, कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही
• साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला, एकाच सत्रात
• बारावीला खुल्या गटासाठी ४५ टक्के, कमाल वयाची अट नाही

राज्याची विधी सीईटी (पाच वर्षांचा अभ्यासक्रम)
• १२० प्रश्न, १२० मिनिटे, संगणकावर, इंग्रजी व मराठीत
• गुणकपात नाही, एकही प्रश्न कोरा ठेवू नका
• बहुतांश सुटे प्रश्न, कायदा व राज्यघटनेची माहितीही विचारतात
• बोर्डाच्या परीक्षेनंतर उन्हाळ्यात, निकाल पर्सेंटाइलमध्ये

प्रश्नसंख्या आणि नियम बदलतात. क्लॅटमध्ये पूर्वी १५० प्रश्न असत. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच तयारीला लागा.
──────────────┘

डिसेंबर, फेब्रुवारी आणि एक वर्ष थांबण्याचा प्रश्न

क्लॅट डिसेंबरात, बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत. यामुळे बारावीतल्या मुलाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन दगडांवर पाय ठेवावे लागतात. सुटका एकच, क्लॅटचे जे भाग सावकाश पिकतात ते अकरावीतच सुरू करायचे. वाचनाचा वेग आणि शब्दसंग्रह महिन्याभरात वाढत नाहीत. तर्काचे प्रकार आणि गणित दोन-तीन महिन्यांत आटोक्यात येतात. चालू घडामोडी शेवटच्या वर्षभराच्याच लागतात. या क्रमाने गेले तर बारावीच्या सहामाहीनंतर मुख्यतः सराव पेपर उरतात. क्लॅट संपली की जानेवारी-फेब्रुवारी पूर्ण बोर्डाला आणि लेखी परीक्षेनंतरचे आठवडे सीईटीला, असे वर्ष बांधता येते.

क्लास लावायचा का, याचे उत्तर चुकांच्या तीन खान्यांतून मिळते. शिस्त आणि नियमित मॉक यांची गरज असेल तर क्लासचा उपयोग होतो. वाचनाचा वेग कमी असेल तर तो क्लासच्या बाकावर वाढत नाही, घरी वाचूनच वाढतो. क्लॅटचे मागचे पेपर संघाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. ते सोडवून आपली अडचण नेमकी कुठे आहे ते बघावे आणि मगच पैसे भरावेत.

क्रमांक लागला नाही तर वर्षभर ‘ड्रॉप’ घ्यावा का? वयाची अट नसल्याने दार बंद होत नाही. पण निर्णय भावनेवर घेऊ नये. चुकांच्या वहीत वेळ न पुरल्याच्या आणि वाचनातल्या चुका जास्त असतील, तर एका वर्षाच्या सरावाने मोठी सुधारणा होऊ शकते. पूर्ण तयारी करूनही सराव पेपरांची सरासरी महिनोन् महिने एकाच जागी खिळलेली असेल, तर आणखी वर्ष दिल्याने ती हलेलच असे नाही.

पर्यायही लक्षात ठेवावा. पदवी घेऊन तीन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्यालाही तीच सनद मिळते, तोही त्याच न्यायालयात उभा राहतो. २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावती विद्यापीठातून कायदा शिकले. सतराव्या वर्षी दिलेल्या एका पेपरावर वकिली अवलंबून नसते, हे घरातल्या मोठ्यांनी मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

निकालानंतरचे निर्णय

पेपर झाल्यावर पहिली उत्तरतालिका येते आणि हरकती नोंदवायला मोजके दिवस मिळतात. ही मुदत फारसे कोणी गांभीर्याने घेत नाही. १ डिसेंबर २०२४ ला झालेल्या क्लॅटमधल्या काही उत्तरांवरचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि मे २०२५ मध्ये निकाल सुधारावा लागला. उत्तरतालिका चुकू शकते. आपली उत्तरे जुळवून पाहावीत, आणि पटत नसेल तर मुदतीत पुराव्यासह हरकत घ्यावी.

मग पसंतीक्रम. पालकांना वाटते, अवघड कॉलेज पहिले लिहिले तर ते मिळणार नाही आणि दुसरेही हातचे जाईल. जागावाटप तसे चालत नाही. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. प्रत्येकाचा क्रम आला की त्याच्या यादीत वरून खाली बघत जातो, आणि जागा शिल्लक असलेले पहिले कॉलेज देतो. तुमच्या पहिल्या पसंतीची जागा संपली असेल तर दुसरीकडे बघताना तुमचा क्रमांक खाली जात नाही. म्हणून यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच लिहावी. गणित करायचे ते फक्त यादीच्या शेवटच्या भागात : नक्की मिळेल असे निदान एखादे कॉलेज तिथे असू द्यावे, आणि जिथे जायचेच नाही ते लिहूच नये. मिळालेली जागा कधी स्वीकारावी लागते आणि पुढच्या फेरीत कधी जाता येते, हे नियम अर्ज भरण्याआधीच वाचावेत.

शेवटचा निर्णय सगळ्यात कंटाळवाणा आहे, आणि तो सगळ्यात आधी घ्यायचा आहे. राखीव जागेवर किंवा राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर अधिवास प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र वेळेवर हातात असावे लागते. जात पडताळणीला महिनेही लागू शकतात, आणि तिथे क्लॅटची तारीख कोणी बघत नाही. अभ्यासाचे वेळापत्रक भिंतीवर लावण्याआधी, अकरावीच्या पहिल्या सहामाहीतच तो अर्ज करून त्याची पावती जपून ठेवावी.